कोकणातलं जुनं कौलारू घर दुरुस्त करून वाढवायचंय? सुरुवात इथून करा

राजापूर तालुक्यातलं आमचं घर पणजोबांच्या हातचं. पुढे पडवी आणि ओटी, मध्ये माजघर, त्याला लागून देवघर आणि बाळंतिणीची काळोखी खोली, मागे स्वयंपाकघर. न्हाणी आणि संडास मागीलदारी, पावसात छत्री घेऊनच जावं लागेल इतक्या अंतरावर. सगळं मिळून साडेसातशे चौरस फूट. आई-बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, मुलांना घेऊन गावीच राहायचं असं ठरलं, तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देई: पाडा आणि स्लॅबचं बांधा. आम्ही पाडलं नाही. होतं ते दुरुस्त केलं, मागच्या अंगाला तीन खोल्या वाढवल्या. त्यात काही चुका अशा झाल्या की त्या दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

इथलं सगळं मातीत रचलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे कापीव जांभा दगडाच्या, भिंती आणि मंगळुरी कौलं असलेल्या घराबद्दल आहे. रायगडच्या दक्षिणेपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात अशी घरं आहेत. देशावरच्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घराची दुखणी वेगळी, त्याला हे जसंच्या तसं लावू नका. आमच्याकडच्या घराची बहुतेक दुखणी पाण्याची वाट अडल्यावर सुरू होतात, त्यामुळे खाली जवळजवळ प्रत्येक पायरीवर मी पाण्याकडेच परत येणार आहे.

आधी एक पावसाळा घरात काढा

नकाशा काढण्याआधी, गवंडी बघण्याआधी, जमेल तर अख्खा आणि नाही तर निदान जुलैचे दोन आठवडे त्या घरात राहा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. साडेसातशे फुटांचं घर असलं तरी पागोळ्या, म्हणजे भिंतीपुढे आलेल्या छपराच्या कडा, धरून छप्पर हजार चौरस फुटांच्या आसपास भरतं. म्हणजे एका पावसाळ्यात त्या छपरावरून सुमारे २ लाख ८० हजार लिटर पाणी खाली उतरतं. ते कुठे पडतं, कुठून वाहतं आणि कुठे साचतं, हे उन्हाळ्यात आलेल्या इंजिनिअरला दिसत नाही.

एक वही करा. झड कुठल्या भिंतीवर बसते ते लिहा, बहुधा पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत मार खात असते. पूर्वी या बाजूला पावसाळ्यापुरते माडाच्या पात्यांचे विणलेले झाप बांधायचे, ते कुठे बांधत होते हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. ओल भिंतीत खालून वर चढते की वरून खाली उतरते ते पाहा. खालून चढत असेल तर दोष जोत्याच्या बाजूला साचणाऱ्या पाण्याचा, वरून उतरत असेल तर छपराचा. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. अंगणातलं पाणी घराकडे येतं की घरापासून जातं, तेही पाहा. आमच्याकडे मागच्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे ढासळून पाण्याचा जुना पाट बुजला होता आणि डोंगराचं पाणी सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीशी येऊन थांबत होतं. भिंत वीस वर्षं ओली होती. पाट मोकळा केल्यावर दुसऱ्याच वर्षी ती कोरडी राहिली, आणि त्या कामाला दोन माणसांचे तीन दिवस लागले.

कागद: इथे घाई कराल तर सगळं अडकेल

कोकणात घर जुनं असतं तसा सातबाराही जुना असतो. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं होती, त्यातली पाच माणसं हयात नव्हती. घर आपण राहतो म्हणून आपलं, ही समजूत कागदावर टिकत नाही.

पहिल्यांदा ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर घर क्रमांक आणि बांधकामाचं क्षेत्र असतं. हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मालकीसाठी घर गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक पाहा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन बऱ्याच गावठाणांची पत्रकं तयार झाली आहेत, आपल्या गावाचं झालंय का ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा पाहायचा, आणि त्यात ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचायचा. तिथे कुळाचं किंवा बहिणी-आत्यांचं नाव निघालं तर ते सोडवल्याशिवाय एक चिराही हलवू नका.

मयत माणसांच्या जागी वारस नोंद करून घ्या. सहहिस्सेदार बरेच असतील तर प्रत्येकाचं लेखी संमतीपत्र घ्या, आणि सगळ्यांची तयारी असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेणं सगळ्यांत बरं. यासाठी मुंबईच्या काकांना, पुण्याच्या चुलतभावाला फोन करण्यापेक्षा गणपतीत सगळे घरी येतात तेव्हा समोर बसून बोला. घर पाडणार नाही, देवघर जागेवरच राहील, गणपती तिथेच बसेल, हे ऐकल्यावर आमच्याकडे एकानेही हरकत घेतली नाही.

मोजणी करून हद्द ठरवून घ्या, कारण वाढीव बांधकाम हद्दीकडेच सरकतं. मग बांधकाम परवानगी. कौलं बदलणं, गिलावा करणं ही दुरुस्ती, पण नवीन खोली म्हणजे बांधकाम, आणि त्याला नकाशासह परवानगी लागते. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत घर असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, खाडीकाठालाही लागतात, तिथलं अंतर वेगळं असतं. शेवटची गोष्ट लाकडाची. आपल्या परड्यातला साग, ऐन, किंजळ किंवा फणससुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाशांसाठी झाड हेरून ठेवलं असेल तर अर्ज आधी करा.

घराला हात लावून बघा

तपासणीला फार अवजारं लागत नाहीत. जाड पेचकस, ओळंबा, टॉर्च आणि शिडी पुरते.

लाकडापासून सुरू करा. आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड), वासे आणि खांब पेचकसाने टोचून बघा. सहज अर्धा इंच आत गेला तर ते लाकूड गेलं. मधोमध टोचून समाधान मानू नका. लाकूड कुजतं ते टोकाला: वाशांची पागोळीकडची टोकं, भिंतीत बसवलेली तुळयांची टोकं आणि खांबाचा तळखड्याजवळचा, म्हणजे खालच्या दगडाजवळचा, भाग. भिंतीवरून वर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी अजून आत आहे असं धरा. जुना फणसाचा किंवा सागाचा खांब खालून फूटभर कुजला म्हणून अख्खा काढायची गरज नसते. चांगला सुतार वरचा भार टेकूवर घेऊन कुजलेला भाग कापतो, तिथे नवीन लाकडाचा तुकडा खाच करून जोडतो किंवा तळखडाच उंच करतो. आमचे चार खांब असे वाचले.

भिंतींना ओळंबा लावा. दहा फूट उंचीत अर्ध्या-पाऊण इंचाचा झुकाव जुन्या भिंतीला असायचाच. भिंत मध्येच पोट काढून बाहेर आली असेल तर मात्र ती रिकामी करून पुन्हा रचावी लागते. भेगांच्या बाबतीत घाबरण्याआधी एक सोपी परीक्षा करा: भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी काच शाबूत असेल तर भेग जुनी आहे, भरून टाका. काच फुटली तर पाया हलतोय. मग रंगारी किंवा गवंडी पुरायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. त्याची फी जड वाटते, पण सगळ्या खर्चात तेवढी एक फी मी पुन्हा आनंदाने देईन.

रोजची माणसं मोजा, गणपतीतली नाही

गावचं घर वाढवताना बहुतेक जण डोळ्यांपुढे गणपतीचे पाच दिवस आणतात. तीस माणसं झोपली पाहिजेत म्हणून मोठाले हॉल काढतात, आणि उरलेले तीनशेसाठ दिवस तिथे आंबे नाही तर सायकली पडलेल्या असतात. गणपतीतली माणसं ओटीवर, पडवीत, माळ्यावर दाटीवाटीने झोपतात आणि त्यातच त्यांना मजा असते. खोल्या आखायच्या त्या रोज राहणाऱ्यांसाठी.

आमच्या घरात रोजची सहा माणसं. त्यांच्या गरजा आम्ही कागदावर मांडल्या तेव्हा कळलं की जागा कमी नाही, आडोसा कमी आहे. जुन्या घरात सगळ्या वाटा माजघरातून जातात. मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या अंगावरून सगळे ये-जा करणार. म्हणून तीनच गोष्टी नक्की केल्या: आई-बाबांच्या खोलीला लागून न्हाणी-संडास, मुलांना दार लावून घेता येईल अशी एक खोली, आणि उजेड-वारा असलेलं मोठं स्वयंपाकघर. ओटी, पडवी, माजघर आणि देवघर यांना हात लावला नाही.

थकलेल्या माणसांसाठी काही मापं आत्ताच धरा. न्हाणीचं दार तीन फूट रुंद ठेवा, खोली आणि न्हाणी यांच्यात उंबरठा नको, फरशी खरखरीत हवी, आणि कमोडशेजारच्या भिंतीत धरायची दांडी बसवायला मजबूत जागा सोडा. जुनी दारं साडेपाच फूट उंच असतात आणि प्रत्येक जण डोकं आपटतो, पण तेवढ्यासाठी जुनी चौकट फेकू नका, शक्य असेल तिथे वर उचलून बसवा.

वाढ मागे करा, वर नको, आणि सांधा सुटा ठेवा

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. शांतपणे वाचा.

मातीत रचलेल्या जुन्या भिंतीवर स्लॅब टाकू नका. हिशेब करून बघा. १०० चौरस फूट छपराला साधारण १५० मंगळुरी कौलं लागतात, एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे पावणेचारशे किलो, भिजलेली असली तर आणखी थोडं. तेवढ्याच जागेवर पाच इंची स्लॅबचं वजन जवळजवळ तीन टन. आठपट भार त्या भिंतींनी आणि त्या पायाने कधी पाहिलेला नाही. त्यात आपला पट्टा भूकंपाला अनोळखी नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. १९९३ मध्ये किल्लारीला माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड छप्पर अंगावर येऊन. मातीतल्या भिंतीवर डोईजड बोजा ठेवायचा नाही, एवढं तरी त्यातून घ्यावं.

वाढ मागीलदाराकडे करा. नवीन खोल्यांचा पाया स्वतंत्र, भिंती स्वतंत्र, छपराचा आधारही स्वतंत्र. जुन्या भिंतीचा टेकू म्हणून वापर करायचा नाही. आम्ही नेमकी हीच चूक केली. गवंड्याने जुन्या भिंतीत सळया ठोकून नवीन भिंत तिला बांधून टाकली, मला ते भक्कम वाटलं. नवीन पाया पहिल्या पावसात थोडा बसला, जुना शंभर वर्षांपूर्वीच बसून झालेला. दोघांची ओढाताण होऊन कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत बोटभर भेग पडली आणि तिच्यातून पाणी आत आलं. दुसऱ्या हंगामात त्या सळया कापून सांधा मोकळा करावा लागला.

बरोबर पद्धत अशी: जुनी भिंत आणि नवीन भिंत यांच्यात इंचभर फट सोडायची, तिच्यात थर्माकोल किंवा डांबरी बोर्ड भरायचा, आणि बाहेरून पत्र्याची पट्टी लावायची जी एकाच भिंतीला ठोकलेली असेल. म्हणजे दोन्ही घरं आपापल्या जागी हलू शकतात आणि पाणी मात्र आत येत नाही.

पाया खणताना कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत जा. आपल्याकडे एका कोपऱ्यात दोन फुटांवर कातळ लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात सगळा भराव असतो. अर्धा पाया कातळावर आणि अर्धा भरावावर ठेवलात तर भिंत मध्ये चिरणारच. जुन्या पायाच्या शेजारी त्याच्यापेक्षा खोल चर एका दमात खणू नका, जुन्या भिंतीखालची माती सुटते. जमेल तिथे नवीन पाया जुन्यापासून दोन-तीन फूट दूर धरा, आणि भिंती इंचभर फटीवर आणायच्या म्हणून जवळ जावंच लागलं तर चार-चार फुटांचे तुकडे एकाआड एक खणून भरत जा. जोत्याच्या पातळीवर आणि दारांच्या डोक्यावर सगळ्या नवीन भिंतींना सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला.

चिरे आधी आणून ठेवा. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. दोन चिरे एकमेकांवर वाजवून बघा, खणखणीत आवाज हवा. पांढरट मातीचे मोठे ठिपके असलेला चिरा बाजूला काढा, तो पावसात झिजतो.

जुन्या आणि नव्या घराला जोडणारं दार पाडताना आधी भोक आणि मग वरची तुळई, असं करू देऊ नका. आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, भिंतीच्या अर्ध्या जाडीत तुळई बसवायची, ती पक्की झाल्यावर उरलेल्या अर्ध्यात दुसरी, आणि मगच खालचे चिरे काढायचे. तुळईची टोकं दोन्हीकडे नऊ इंच भिंतीत गेली पाहिजेत. दार कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर घ्या. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जिथे जुनी खिडकी किंवा मागचं दार आहे तिथूनच वाट काढणं. आम्ही तेच केलं.

छप्पर

पहिला नियम: जुन्या आणि नव्या छपराची पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, एकमेकांवर उतरवू नका. दोन उतार मध्ये भेटले की तिथे पन्हळ येते, पन्हळीत पानं अडकतात, आणि जुलैच्या एखाद्या रात्री सगळं पाणी माजघरात येतं. नवीन छप्पर जुन्याच्या पागोळीखाली सरकवा, म्हणजे जुन्याचं पाणी नव्यावर पडून पुढे जाईल. पातळी एवढी खाली जात नसेल तर दोन घरांमध्ये चार फुटांची छोटी पडवी सोडा आणि जोडवाट तिच्यातून घ्या. पन्हळ टाळताच येत नसेल तर ती फूटभर रुंद, जाड पत्र्याची आणि भरपूर उताराची करा, आणि साफ करायला माणूस पोचेल अशी जागा ठेवा.

कौलं की पत्रा, हा वाद प्रत्येक घरात होतो. पत्रा हलका, १०० चौरस फुटांना चाळीस-पंचेचाळीस किलोच होतो, आणि दरवर्षी शाकारायला लागत नाही. पण तो तापतो, पावसात त्याखाली बोलणं ऐकू येत नाही, आणि नीट बांधला नसेल तर उडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कौलंही गेली आणि पत्रेही गेले. कौलं फुटली तरी बहुधा तिथेच खाली पडली, पत्रे मात्र दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पोचले. माझं मत कौलांच्या बाजूचं आहे. पत्रा घालायचाच असेल तर वासे आढ्याला आणि भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडी पाटाला लोखंडी पट्ट्यांनी बांधा, आणि पत्र्याच्या कडांना आकडे दाटीने लावा.

कौलांचं काम काढलं की प्रत्येक कौल उतरवून घासून वाजवून बघा. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून किती तरी कारखाने झाले, आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते. कौलाच्या पाठीवर छाप असतो. एका छापाची कौलं एका पाख्यावर घाला, मिसळलीत तर ती एकमेकांत बसत नाहीत आणि गळतात. आम्ही चांगली जुनी कौलं सगळी पुढच्या पाख्यावर घेतली आणि मागे नवीन घातली. पन्नासेक जुनी कौलं राखून ठेवा, माकडं दरवर्षी फोडतातच. रीपांमधलं, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर ठरलेलं म्हणून ठोकू देऊ नका, हातातल्या कौलाचं माप घेऊन मगच ठोकायचं. उतार ३० अंशांच्या खाली नको. पागोळी भिंतीपुढे निदान अडीच फूट आली पाहिजे. नवीन घरांत दिसायला बरं म्हणून ती फूटभर ठेवतात आणि मग भिंतीला रंग टिकत नाही. मधूनमधून काचेचं कौल घाला, काळोख्या खोलीचं रूपच पालटतं.

भिंती आणि जमीन

मातीत रचलेल्या भिंतीला नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा करू नका. भिंत पाणी शोषते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत कोंडते आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा उत्तम, तो करणारा गवंडी मिळाला नाही तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हे मिश्रण चालतं. आतून चुन्याचा किंवा साधा पाण्याचा रंग द्या, ऑइल पेंट नको. पावसाळा संपल्या संपल्या गिलावा करायला घेऊ नका, भिंतीला सुकायला जानेवारीपर्यंत वेळ द्या.

जोत्याभोवती तीन फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा आणि पागोळीचं पाणी तिच्यावर पडू द्या. नवीन भिंतींना जोत्यावर ओलरोधक थर घालाच.

शेणाच्या जमिनीवर लाद्या घालताना आतली पातळी दोन-तीन इंच चढते. ती चढल्यावर ओटी, पडवी आणि न्हाणी यांच्या पातळ्या काय होतील ते आधी सूत धरून बघा. कधीही आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली जाता कामा नये. माजघराची जमीन आईच्या इच्छेखातर आम्ही साध्या लाल कोब्याची केली, आणि उन्हाळ्यात दुपारी सगळं घर तिथेच आडवं होतं.

संडास, पाणी, वीज

जांभा दगड स्पंजासारखा असतो, शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून सहज लांब जातं. त्यामुळे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून ६० फुटांच्या पलीकडे, विहिरीच्या खालच्या उताराला ठेवा. शेजाऱ्याची विहीर मोजायला विसरू नका. दहा माणसांसाठी आतून साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाण्याची खोली तीन ते साडेचार फूट असलेली, दोन कप्प्यांची टाकी पुरते. तिचा तळ आणि भिंती आतून पक्क्या गिलाव्याच्या हव्यात. नुसता खड्डा खणून त्याला टाकी म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. न्हाणीचं पाणी टाकीत सोडू नका, ते केळी-माडांना जाऊ दे.

वीज सगळी नव्याने ओढा. जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या तारांना उंदरांनी आणि उन्हाने काही ठेवलेलं नसतं. दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा विजेची गळती रोखणारा स्विच एवढं सक्तीचं माना. ओल्या भिंतींच्या घरात तो स्विच जीव वाचवतो.

दिवस आणि पैसे

काम दसऱ्याला सुरू करा. डिसेंबरपर्यंत जोतं, फेब्रुवारीअखेर भिंती, एप्रिल संपायच्या आत छप्पर. शिमग्यात आठ-दहा दिवस एकही माणूस कामावर येणार नाही हे धरूनच चला, पालखी घरी येणार असते. एप्रिल-मेमध्ये बिगारी आंब्याकडे वळतात. जुन्या घराची कौलं उतरवलीत तर ती त्याच महिन्यात परत चढली पाहिजेत, अवकाळी पाऊस विचारून येत नाही. एका हंगामात सगळं होत नसेल तर पहिल्या वर्षी पाट, छप्पर आणि संडास करा, वाढ दुसऱ्या वर्षी. काँक्रीटला पाणी मारण्याचं काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावं, दहा दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

अंदाजपत्रकाच्या वर पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. जुन्या भिंतीत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं. गवंडी आणि सुताराशी मजुरीचा दर, मापं मोजायची पद्धत आणि हप्ते लिहून घ्या. सामान शक्यतो स्वतः आणा. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याबरोबर कामावरून एक फेरी मारा आणि पुढच्या आठवड्याचं बोलून घ्या.

हिशेबातला दहावा भाग शेवटचा हप्ता म्हणून राखा आणि तो पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा हे आधीच ठरवा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. मेच्या शेवटी पाईप लावून सांध्यावर आणि पन्हळीवर अर्धा तास पाणी सोडून बघा. मग जूनमधली पहिली झोडपून काढणारी रात्र आली की टॉर्च घेऊन उठा, माळ्यावर जा, वाशांच्या टोकांवरून हात फिरवा, सांध्याच्या भिंतीला तळहात लावा, आणि पहाटे गवंड्याला फोन करा.